बिलोलीचे याजक

बायबलच्या जुन्या करारातल्या मेंढ्यांच्या तब्येतीची काळजी आजही वाहणारा माणूस अख्ख्या मराठवाड्यात एकच असेल, आणि तो माझ्या वडिलांचा मित्र आहे. बिलोलीच्या जनावरांच्या दवाखान्यात या काकांनी कंपाउंडर म्हणून जन्म काढला. त्यामुळे चर्चमध्ये अहरोनाचं, म्हणजे इस्राएलाच्या पहिल्या प्रमुख याजकाचं नाव निघालं की आम्हाला वेदी दिसे, काकांना खूर दिसत. अर्पणाचं जनावर निर्दोष हवं, हे वाचून झालं की ते शेजाऱ्याच्या कानात म्हणत, "म्या असतो तर निम्मी माघारी धाडली असती. एकाच्या डोळ्यात फूल, एक लंगडं. बिनखोट जनावर उभ्या जन्मात पाह्यलं न्हाई." मग जरा थांबून, "म्हणून तर येशू लागला, बिनखोट कोकरू म्हणून," म्हणत आणि डोळे पुसत. एकदा भर उपदेशात उठून त्यांनी विचारलं होतं, कोकराचे दात कोणी तपासायचे? चर्चचे पाळकसाहेब पुढचे दोन रविवार त्यांच्याकडं न बघता बोलले.

दुसऱ्यासाठी देवापुढं उभा राहतो तो याजक, आणि ख्रिस्ताचा प्रत्येक माणूस याजक, हे त्यांचं दुसरं वेड. एका किराणा दुकानदाराची म्हैस अडली तेव्हा कोपरापर्यंत हात आत घालून काकांनी दुकानदारासाठी, म्हशीसाठी आणि येणाऱ्या पारडासाठी मोठमोठ्यानं प्रार्थना केली. म्हैस सुटली. दुकानदार कपाळी भस्म लावणारा शिवभक्त. पण नाताळाला त्या म्हशीचा खवा अजून काकांकडं येतो.

मी पाळक व्हावं ही वडिलांची फार इच्छा. त्याचं शिक्षण अर्ध्यात सोडून मी लातूरला नोकरी धरली, तेव्हापासून ते माझ्याशी दोन वर्षं बोलले नव्हते. मग नांदेडला त्यांच्या हृदयाचं ऑपरेशन ठरलं. आधी पाळकसाहेब येऊन प्रार्थना करणार होते, पण त्यांची बस वाटेत बंद पडली. इकडं स्ट्रेचर दारात. वडील भिंतीकडं तोंड करून म्हणाले, "प्रार्थनेबिगर मी जात न्हाई."

सोबत आलेल्या काकांनी माझा हात धरला आणि सरळ वडिलांच्या डोक्यावर ठेवला. "कर."

"काका, मी सोडलंय ते सगळं. मला कुठला अधिकार?"

"येशू मेला तवा देवळाचा पडदा देवानं वरून खालपर्यंत फाडला, कुणालाबी देवापुढं जाता यावं म्हणून, आन तू त्याला टाके घालून राहिलास व्हय? बाप हाय तुझा. उभा ऱ्हा त्याच्यासाठी."

मी सुरुवात केली. पहिल्यांदा माफी मागितली गेली, ती देवाची की वडिलांची, मला आजही सांगता येणार नाही. शेवटी त्यांनी खणखणीत "आमेन" म्हटलं आणि दोन वर्षांत पहिल्यांदा माझ्याकडं बघितलं. "लई लांबवतोस. माणूस स्ट्रेचर धरून उभा हाय."

ऑपरेशन नीट झालं. वडील आता रोज फोन करतात आणि मनसोक्त कुरकुर करतात. मी शेवटपर्यंत ऐकतो.

गेल्या महिन्यात आभार मानायला म्हणून बिलोलीला गेलो. काकांची नजर आता जवळजवळ गेली आहे. आवाजावरून ओळखलं आणि मला तोंडच उघडू दिलं नाही. "ते ऱ्हाऊ दे. बायबल घे, इब्री लोकांचं पत्र काढ. आपला दुबळेपणा जाणणारा याजक, येशू, हाय ना, तिथून वाच." चार ओळी वाचल्या असतील, काकांची मान कलली, झोप लागली होती. काकू हळूच म्हणाल्या, "बास कर बाळा, त्यांना कुठं ऐकू येऊन राहिलं आता."

मी आवाज जरा लहान केला आणि त्यांच्यासाठी वाचत राहिलो.