अ‍ॅटलांटाचा काष्टा

सुलक्षणा रुसली की स्वयंपाकघर घासायला काढते. जूनमधल्या एका शनिवारी मी मेडनहेडला तिच्याकडे गेले, तर ओट्यात तोंड दिसत होतं. मी मनात म्हटलं, काहीतरी चांगलंच बिनसलंय. विचारलं तर, "काही नाही गं." खूप खोदून विचारल्यावर एकदाचं बाहेर पडलं. ऋजुतानं, म्हणजे तिच्या एकुलत्या एक मुलीनं, नोव्हेंबरातल्या स्वतःच्या लग्नासाठी शिवलेली नऊवारी मागवली होती. पायजम्यासारखे पाय घालायचे, चेन ओढायची, झाली नवरी तयार.

यात रुसण्यासारखं काय, असं वाटत असेल तर तुम्हाला सुलक्षणा माहीत नाही. आठवडाभर ती ब्रॅकनेलच्या एका कंपनीत एचआर सांभाळते, पण रीडिंगपासून स्लावपर्यंतच्या मराठी माणसांना ती ठाऊक आहे ती नऊवारीसाठी. इथे इंग्लंडात आमच्यात कुणाचंही लग्न निघालं की नवरीला नेसवायला सुलक्षणाच. एकही पिन न लावता नेसवते. नवरी ढोलावर तासभर नाचली तरी निरी जागची हलत नाही, आणि हे ती स्वतःच सगळ्यांना सांगते. शिवलेल्या साड्या आल्या, बोलावणी कमी झाली, ते तिनं हसून सोडून दिलं. पण आता पोटच्या मुलीनंच आईचे हात नको म्हटले होते.

"मग तिला सांग ना सरळ," मी म्हटलं.

"मी कशाला सांगू? लग्न तिचं आहे." आणि बाई पुन्हा सिंक घासायला लागली.

मनात कुढत बसणाऱ्या माणसांचा मला भयंकर राग येतो. पण मैत्रीण पडली माझी, करता काय.

ऋजुता इथेच जन्मलेली. नोकरी सॉफ्टवेअरमध्ये असली तरी तिचा सगळा जीव नाटकात. नदीकाठी एक हौशी नाटकमंडळी आहे, दर उन्हाळ्यात उघड्या मैदानावर नाटक करते. त्या वर्षी त्यांनी ग्रीक गोष्ट घेतली होती, अ‍ॅटलांटाची. मुलगा हवा होता म्हणून बापानं हिला जन्मतःच डोंगरावर टाकून दिलं, अस्वलिणीनं दूध पाजून वाढवलं. मोठी झाल्यावर तिनं पण लावला, मला शर्यतीत हरवील त्याच्याशीच लग्न करीन, आणि जो हरेल तो जिवानिशी जाईल. शेवटी एकानं पळता पळता सोन्याची सफरचंदं टाकली, ती वेचायला ही वाकली आणि हरली. ऋजुता अ‍ॅटलांटा होती. मैदानाला खरोखरच फेरी मारायची होती, आणि सफरचंदं म्हणजे सोनेरी रंगवलेले टेनिसचे बॉल.

भाड्यानं आणलेले ग्रीक पोशाख शिवलेले होते, खांद्यावर वेल्क्रो. पहिल्याच तालमीत ऋजुता धावली, खांद्याचं वेल्क्रो फर्रकन सुटलं आणि ती छातीशी कापड धरून झाडामागे पळाली. दिग्दर्शिका ज्युडिथ म्हणजे शाळेत लॅटिन शिकवून निवृत्त झालेली उंच, काटक बाई. ती डोक्याला हात लावून बसली. शेवटी ऋजुतानं आईला फोन केला. सुलक्षणाच्या जागी मी असते तर चांगले दोन टोमणे मारून घेतले असते. ही मुकाट्यानं पिशवी भरून निघाली.

ज्युडिथ आम्हा दोघींना रीडिंगच्या युनिव्हर्सिटीतल्या छोट्या म्युझियममध्ये घेऊन गेली. काचेच्या कपाटात ग्रीक भांडी होती, काळ्या-तांबड्या रंगाची, अडीच हजार वर्षांपूर्वीची. त्यांवर धावणारे, कुस्ती खेळणारे, थाळी फेकणारे लोक. आम्ही ऑलिंपिक बघतो, मॅरेथॉनच्या दिवशी रस्त्याकडेला उभ्या राहून टाळ्या वाजवतो, त्यांच्या विजयदेवतेच्या नावाचे बूट घालून पार्कात चालायला जातो. आणि हे सगळं कुठून आलं, ते या वाडग्या-सुरयांवर काढून ठेवलेलं. मला एकदम भारी वाटलं. सुलक्षणाचं मात्र खेळाकडे लक्षच नव्हतं. ती काचेला नाक लावून बायकांच्या चुण्या बघत होती.

ज्युडिथनं तिला नीट समजावलं. एक सबंध कापड, कात्री नाही की शिलाई नाही. दोन्ही खांद्यांवर टाचायचं, कमरेला दोरी बांधायची आणि जास्तीचं कापड दोरीवरून वर ओढून सोडायचं. मग तिनं फोनवर धावणाऱ्या मुलीच्या पुतळ्याचा फोटो दाखवला. ऑलिंपियाला हेरा देवीसाठी मुलींच्या वेगळ्या शर्यती होत. त्यांचा पोशाख गुडघ्याच्या वर, उजवा खांदा उघडा, डावा झाकलेला.

"डावाच?" सुलक्षणा खुलली. "अगं, म्हणजे पदर आपल्याच खांद्यावर!"

त्या महिन्यात तिचं घर चादरींनी भरून गेलं. तालमी होत गेल्या, नाटकातल्या सगळ्या बायका तिच्याकडून नेसून जायला लागल्या. तिचा रुसवा काही गेला नव्हता, पण ओट्याला जरा विश्रांती मिळाली.

प्रयोगाच्या दुपारी नदीवरून असा वारा सुटला की प्रेक्षकांच्या टोप्या उडाल्या. ऋजुता घाबरलेली. सुलक्षणा नेसवता नेसवता पुटपुटत होती, "हलू नकोस, श्वास घे, झालंच." आणि या गडबडीत तिच्या हातांनी वर्षानुवर्षं जे केलं तेच केलं. मधली निरी पायांमधून मागे ओढली आणि कमरेच्या दोरीत गच्च खोचली. लक्षात येईपर्यंत ढोल वाजला, आणि ग्रीसची वीरकन्या थेट वेसाव्याची कोळीण होऊन मैदानात उतरली.

ज्युडिथचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. मी हसून हसून खुर्चीतून पडायच्या बेतात. पण पोरगी काय धावली! बॉल वेचायला वाकली, उठली, पुन्हा सुटली, आणि कापड तसूभर हललं नाही. लोक उभे राहिले. सुलक्षणाच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी येत होतं.

नंतर झाडामागे काष्टा सोडताना मात्र तिचा बांध फुटला. "धावायला माझं नेसवणं चालतं, आणि लग्नाला चालत नाही? इतकी मी नकोशी झाले?"

ऋजुता बघतच राहिली. "आई, what? नको नाही तू! तू कोणाचा लग्न बघितलास कधी? Everyone's wedding, तू आतच असते. नवरीचा साडी, मग तिच्या आईचा साडी, मग करवल्या. मावशीच्या तनूच्या लग्नात मंगलाष्टक संपली तेव्हा तू बाहेर आली, pins in your mouth. मला तू समोर पाहिजे. फर्स्ट रोमध्ये. म्हणून मी ते zip-वाला घेतला."

माझ्या तनूच्या लग्नात करवल्यांच्या पदरांच्या पिना तोंडात धरून बाहेर आलेली सुलक्षणा मलाही आठवत होती. पण त्यामागे एवढं काही असेल, असं माझ्या मनातही आलं नव्हतं. सुलक्षणा मुलीला जवळ घेऊन तिथेच गवतात बसली.

यातून वाट काढली ज्युडिथनं. आता आम्हाला कापड खोचता येतंय, मग नऊवारीही शिकव, नवरीला आम्ही नेसवू, म्हणाली. शिवलेली साडी परत गेली. सप्टेंबरपासून दर रविवारी ज्युडिथ आणि नाटकातल्या आणखी दोघी सुलक्षणाच्या दिवाणखान्यात हजर. सरावासाठी उभी मी. किती वेळा त्यांनी मला नेसवून सोडलं आणि किती वेळा निऱ्या पायांत आल्या, विचारू नका.

लग्न मेडनहेडच्याच एका हॉलमध्ये झालं. मंगलाष्टकांच्या वेळी मुलीच्या आईनं तुळशीपाशी बसायचं असा एक जुना रिवाज आहे, तो सुलक्षणानं बाजूला ठेवला. हातात अक्षता घेऊन पहिल्या रांगेत मधोमध बसली. दार उघडलं, ऋजुता आली, मागून साडीच्या काठाकडे डोळे लावून चिंताक्रांत ज्युडिथ.

बोहल्याकडे वळताना ऋजुताची पाठ आमच्याकडे झाली, आणि मला दिसलं, काष्टा चांगलाच डावीकडे गेला होता. मी सुलक्षणाच्या कानाशी लागले, "अगं, काष्टा..."

"दिसतोय मला," ती म्हणाली. "राहू दे तसाच. मी लग्न बघतेय."