गौतमदादांची साबणाची डबी

गौतमदादा गेल्याचं माझ्या धाकट्या भावानं, विठ्ठलनं, कुरुंद्याहून फोनवर सांगितलं. "अण्णा, दादा गेले."

विठ्ठल वसमतच्या हळदीच्या गोदामांत कीटकनाशक फवारतो. गौतमदादा सरकारी दवाखान्यात रक्त तपासत. हे औषध अंगात भिनलं की रक्तातलं एक द्रव्य घटतं. म्हणून मोसमाआधी एकदा आणि नंतर दर महिन्याला ते फवारणाऱ्यांच्या बोटाचं रक्त घेत आणि प्रत्येकाचा त्या द्रव्याचा आकडा त्याच्याच पहिल्या आकड्याशी ताडून पाहत. हे काम त्यांना कोणी नेमून दिलेलं नव्हतं.

पहिल्या वर्षी विठ्ठल गोदामातून थेट तपासणीला गेला. आकडा फार खाली आला आणि ठेकेदारानं त्याला घरी बसवलं. आठवडाभरानं दादा आमच्या ओट्यावर हजर. त्यांनी दंडातून पुन्हा रक्त नेलं. ते ठीक निघालं. दुसऱ्या दिवशी ते परत आले. "इट्टल, चूक माझी हाय. तुझ्या बोटालाच औषध होतं, तेच रक्ताच्या थेंबात उतरलं. मी हात धुवायला लावायला पाहिजे होतं." सरकारी माणूस घरी येऊन चूक कबूल करतो, हे आईला खरंच वाटेना. तेव्हापासून दादांच्या पिशवीत साबणाची हिरवी डबी आली. कोपरापर्यंत हात धुतल्याशिवाय सुई नाही.

तीन वर्षांनी आकडा पुन्हा घसरला. विठ्ठलला काम जाण्याची धास्ती. "आजबी बोटालाच असंल, दादा."

"तीनदा धुतले तू. काहून थट्टा करून राहिला? डोळ्यांपुढं अंधारी येते का न्हाई?"

"...येते जराशी."

दादांनी त्याला आधी डॉक्टरांकडे नेलं, मग ठेकेदाराकडे. "याच्या पाठीवर पंप द्यायचा न्हाई. उंदरांचे पिंजरे लावू द्या. मजुरी तीच."

"मग फवारा काय मी मारू?"

"मारा की. आधी बोट द्या इकडं."

ठेकेदार हसला आणि कबूल झाला. आकडा मूळ जागी यायला अडीच महिने लागले.

विठ्ठल आज धडधाकट आहे. मी वार्ताहर आहे; बातमी लिहिताना 'यांच्यामुळे' हा शब्द जपून वापरतो. इथे तो पूर्ण खात्रीनं लिहितो आहे.

डबी दादांच्या पत्नीनं विठ्ठलला दिली. गेल्या आठवड्यात दवाखान्यात दादांच्या जागी आलेल्या नव्या बाईंनी सुई उचलली, तेव्हा त्यानं हात मागे घेतला. "थांबा, मॅडम." खिशातून डबी काढून तो नळाकडे गेला. बाकावर बसलेले चौघे फवारणारेही त्याच्यामागे उठले.