गादीवरची कबड्डी

धसईच्या अंबूबाईला टीव्हीवरची कबड्डी दाखवा, तिच्या तोंडाचा पट्टा सुटलाच म्हणून समजा. "गादीवर लोळायचं नि त्याला कबड्डी म्हणायचं! शी!" मुरबाड तालुक्यात कुठंही सामने असले की मैदानाच्या कडेला तिची भजीची गाडी लागायची. नवरा गेल्यावर याच गाडीवर तिनं प्रणितला वाढवला. कढईत झारा फिरवता फिरवता तिनं जेवढ्या चढाया बघितल्या, तेवढ्या त्या कोटवाल्या बडबड्यांनी जन्मात बघितल्या नसतील. एसीत बसून ते साध्या पकडीलाही असे किंचाळतात की अंबूबाई विचारायची, "यांना इंचू चावलाय काय रे?"

पण तिचा एकुलता एक लेक त्याच गादीवरच्या एका संघात घेतला गेला, आणि बाईची पंचाईत झाली. शिव्या घालत का होईना, टीव्हीपुढं बसणं आलं. आणि दिसायचं काय? राखीव खेळाडूंच्या बाकावर बसलेला प्रणित, दुसऱ्यांना टॉवेल देताना. "ह्यासाठी वाढवला याला!" ती करवादायची. पण चॅनल काही बदलायची नाही. लेकाची एक चढाई तिला डोळ्यांनी बघायची होती. फक्त एक.

शेवटच्या सामन्याला घरच्यांसाठी पास आले, तशी भाऊ महादूला घेऊन ती मुंबईच्या त्या बंदिस्त स्टेडियमात गेली. आत शिरताच तिनं नाक मुरडलं. ना धूळ, ना वारा, ना घामाचा वास. कपडे विकायच्या दुकानासारखा नुसता झगमगाट. टाळ्या कधी वाजवायच्या तेसुद्धा पडद्यावर लिहून येत होतं, नि हजारो शहाणी माणसं ते वाचून वाजवत होती. "टाळकी घरी ठेवून आलेत काय सगळे?" ती मोठ्यानं म्हणाली. पुढच्या रांगेतले वळून बघायला लागले. बघेनात का!

अगदी अखेरीला प्रणितच्या संघातल्या एकाचा गुडघा दुखावला नि प्रशिक्षकानं याला उभा केला. गुण दोन्हीकडं सारखे, चढाई शेवटची. अंबूबाईनं महादूचा दंड घट्ट धरला. प्रणित आत गेला, आणि डाव्या कोपऱ्यातल्या काटकुळ्या पोरानं झेप घेऊन त्याचा घोटा धरला. काय पकड होती हो! बाकीचे वरून कोसळले. त्या ढिगाखालून प्रणितनं मधल्या रेषेकडं हात ताणला, शिट्टी वाजली, मग हात रेषेवर आपटला गेला. उठला तो दोन्ही हात वर करून नाचतच. पंच गोंधळले. पडद्यावर चारी बाजूंनी पुन्हापुन्हा दाखवलं, तर सगळीकडून नुसत्या पाठीच दिसल्या. एवढे कॅमेरे टांगून मेल्यांना एक रेष दिसली नाही! शेवटी प्रणितला गुण दिला. संघ जिंकला नि वरून चकचकीत कागदाचे तुकडे पडायला लागले.

महादू नाचत होता. अंबूबाई मात्र जागच्या जागी बसून राहिली. ज्याचा हात पोचतो तो रेषेकडं बघतो. तिचा लेक उठताना आधी पंचाकडं बघत होता, आपलं खपलं की नाही ते. जिच्यासाठी वर्षभर जीव टांगणीला लागला होता ती चढाई ही अशी! तिला रडू नाही आलं, किळस आली.

आपल्याकडं रीत आहे. झकास पकड झाली की बघणारा उठतो, मैदानात जातो नि त्या खेळाडूच्या हातावर बक्षिसाची नोट ठेवतो, मग तो कुठल्या का गावचा असेना. अंबूबाई उठली, पायऱ्या उतरली नि सरळ कठड्यावर पाय टाकला. रखवालदार आडवा आला. "सोड रे मुडद्या, बक्षीस द्यायचंय!" तिचा आवाज ऐकून तो काटकुळा पोरगाच जवळ आला. तिनं नोट त्याच्या हातात कोंबली. "धरावं तर असं, बाळा." तो खाली वाकून तिच्या पाया पडला.

चॅनलवाल्यांना आणखी काय हवं? म्हातारी, नऊवारी, हातात नोट! माईकवाली धावत आली. ही प्रणितची आई आहे म्हटल्यावर तर तिला हर्षवायूच व्हायचा बाकी राहिला. प्रणितला ओढून आणून आईशेजारी उभा केला, डोळ्यांत पाणी आणणारं संगीत लावलं. "आई, आज मुलाला काय सांगाल?"

अंबूबाईनं लेकाकडं बघितलं. "हात पोचला व्हता का रे तुझा?"

"आये, टीव्ही चालू हाय," तोंडावरचं हसू न मोडता तो पुटपुटला.

"म्हणून तर इचारते."

प्रणितनं कॅमेऱ्याकडं बघितलं, प्रशिक्षकाकडं बघितलं, नि पुन्हा कॅमेऱ्याकडं बघून हसला. चॅनलनं घाईघाईनं सिमेंटची जाहिरात लावली. कॅमेरा बंद झाला, माईकवाली बाजूला झाली, तेव्हा तो खाली मान घालून म्हणाला, "नव्हता पोचला, आये."

"आता कुणाला सांगतो?" अंबूबाई म्हणाली नि महादूला हाक मारून बाहेरच्या दाराकडं चालू लागली.