बाबांच्या यंत्रातली लाल वायर

हे माझ्या तोंडून आजवर निघालेलं नाही. बायकोसमोर नाही, आईसमोर तर नाहीच. एकदा विहारात भन्तेजींसमोर एकटाच बसलो होतो, तेव्हा अगदी ओठांवर आलं होतं — आणि मी त्यांना पाणी हवंय का, एवढंच विचारलं. आज तुम्हाला सांगतोय. का, ते मलाही नीट ठाऊक नाही. तुम्ही माझ्या आईला ओळखत नाही, हे एक कारण असेल.

गोष्ट नखाएवढी आहे. खरंच नखाएवढी — दोन वायरींचा पांढरा प्लास्टिकचा प्लग. घरी बसून इलेक्ट्रॉनिक्सची खटपट करणारे आम्ही लोक त्याला जेएसटी म्हणतो. खेळण्यातला ड्रोन, छोटा स्पीकर, चार्जिंगचा दिवा, आत बॅटरी असते तिथे बहुतेक हाच असतो. त्याला एका बाजूला खाच असते, म्हणून तो उलटा बसतच नाही. आणि माणूस इथेच फसतो. कारण प्लग एकाच रीतीने बसत असला, तरी लाल, म्हणजे प्लसची, वायर त्याच्या डाव्या भोकात घालायची की उजव्या, हे ज्याचा तो बनवणारा ठरवतो. म्हणून नवी बॅटरी आणली की आधी मीटर लावून बघायचं. उलटं असेल तर सुईने प्लास्टिकची जीभ उचलायची, दोन्ही पिना बाहेर काढायच्या, अदलाबदल करायची. चहा गार व्हायच्या आत होणारं काम. हे मी दुसऱ्यांना शिकवायचो हो! आमच्या ग्रुपवर कुणाचा बोर्ड जळला की पहिला मीच लिहायचो, मीटर लावला होतास का. जरा टोचूनच लिहायचो. मजा यायची.

बाबा विक्रोळीला एका कारखान्यात फिटर होते, आणि वस्तीतल्या विहारात वंदना तेच घ्यायचे. आवाज असा, की माइक बंद पडला तरी शेवटच्या रांगेत ऐकू जायचा. निवृत्त झाले आणि थोड्याच दिवसांत घशात कॅन्सर निघाला. ऑपरेशनमध्ये स्वरयंत्रच काढावं लागलं. जीव वाचला, आवाज गेला. मग त्यांना एक यंत्र मिळालं — टॉर्चसारखं दिसणारं. गळ्याला टेकवून बटण दाबायचं, ते घुंघुं करतं, आणि ओठ हलवले की त्या घुंघुंचे शब्द होतात. सपाट, चढउतार नसलेले, पण शब्द. त्या आवाजात त्यांनी पहिल्यांदा विहारात त्रिशरण म्हटलं तेव्हा पोरं फिदीफिदी हसली. बाबा थांबले नाहीत. पुढच्या पौर्णिमेपर्यंत सगळ्यांना सवय झाली होती, आणि घरी बाबा पुन्हा भाजीत मीठ कमी आहे म्हणून कुरकुरायला लागले होते. आई म्हणायची, मशीन काय दिलं, माझी वाट लागली. हसत म्हणायची.

त्या यंत्राची बॅटरी मान टाकायला लागली होती. दोन वाक्यं बोलली की आवाज बसायचा. मी त्याच मापाची नवी मागवली, कुणाला न सांगता. रविवारी दुपारी बाबा झोपले होते, आई शेजारी गेली होती. यंत्र बेसिनवरच्या फळीवर होतं. दाढी करताना बाबा ते तिथेच ठेवायचे आणि विसरायचे, आणि पाणी उडेल म्हणून आई रोज ओरडायची. मी ते उचललं, गॅलरीतल्या माझ्या टेबलावर उघडलं. जुनी बॅटरी काढली, नवी लावली. प्लग टक् करून बसला.

मीटर? मीटर समोरच होता. हात लांब केला असता तर मिळाला असता. का नाही लावला? घाई नव्हती, कुणी हाक मारली नव्हती. एवढ्या वर्षांचा आपला हात — असलंच काहीतरी डोक्यात असणार. बटण दाबलं आणि बारीक जळका वास आला. बोर्डवरच्या काळ्या चिपला फोड आला होता. लाल वायर उलट्या बाजूला होती.

इथवर चूक झाली. चूक कुणाचीही होते. पुढे मी जे केलं ते चुकून केलेलं नाही. मी जुनी बॅटरी परत लावली. स्क्रू पिळले, यंत्र रुमालाने पुसलं, आणि जिथून उचललं होतं तिथेच — त्या बेसिनच्या फळीवर — ठेवून दिलं.

बाबा उठले. यंत्र गळ्याला लावलं, बटण दाबलं. ओठ हलत राहिले, आवाज नाही. पुन्हा दाबलं. आई घरी आली होती, ती स्वयंपाकघरातून बाहेर येऊन म्हणाली, "कितीदा सांगितलं तुम्हाला, तिथे ठेवू नका म्हणून!" मग दोघांनीही माझ्याकडे बघितलं. घरातला जाणकार मी. मी यंत्र हातात घेतलं, उघडलं, आत बघितल्यासारखं केलं.

"हो, पाणी गेलंय आत," मी म्हणालो.

बाबा चिडले नाहीत. आईकडे बघून त्यांनी कान पकडले, थोडं गमतीनं. त्यांच्या डोळ्यांत मात्र गंमत नव्हती. तेव्हा बोलता आलं असतं ना मला? माझा गळा तर शाबूत होता.

मी स्वतःला सांगितलं, नवीन यंत्र आणून दिलं की प्रश्न मिटला. आणलंही, आधीच्यापेक्षा चांगलं. बाबांनी खोका उघडून बघितला, यंत्र हातात फिरवलं, परत खोक्यात ठेवलं. मग बोटांनी पाणी उडवल्यासारखं करून मान हलवली. आई म्हणाली, "हेही भिजवीन म्हणतायत." मी आग्रह केला, आईने केला. त्यांनी खोका कपाटात वरच्या फळीवर नेऊन ठेवला. कारखान्यात उभा जन्म हत्यारं जपून वापरलेला माणूस. आता आपल्या हाताला काही सांभाळता येत नाही, असं त्यांनी मनाशी धरलं होतं. ते माझ्या एका वाक्यावर. ते वाक्य मागे घेतलं असतं तर त्यांनी यंत्र घेतलं असतं — मला याची खात्री आहे. तेव्हाही होती. आणि मी काय म्हणालो? राहू दे, घेतील हळूहळू.

नाही घेतलं. विहारात वंदना दुसरे कुणी घ्यायला लागले. बाबा मागच्या रांगेत बसून ओठ हलवायचे, मग तेही बंद झालं, मग जाणंच बंद झालं. काही हवं असलं की टाळी वाजवायचे. जेवणात मीठ कमी असलं तरी टाळी वाजवायचे नाहीत. तसे ते तीन वर्षं राहिले आणि गेले.

पुण्यानुमोदनाला माणसं उठून बोलली. एकजण म्हणाले, शेवटी शेवटी त्यांनी मौन धरलं होतं, मोठी साधना होती ती. लोकांनी माना डोलावल्या. मीही डोलावली.

गेल्या महिन्यात आई कपाट आवरत होती. तो खोका तिच्या हाती लागला आणि ती तो मांडीवर घेऊन पलंगावर बसली. जेवायला उठेना. मी जवळ जाऊन बसलो तेव्हा म्हणाली, "मी तेव्हा तशी ओरडले नसते तर घेतलं असतं रे त्यांनी हे. माझंच तोंड वाईट."

घरात आम्ही दोघंच होतो. मी तिच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणालो, "मनाला लावून घेऊ नकोस, आई. जाऊ दे आता."

तिला बरं वाटलं. उठून दोन घास जेवली.