नाक दाबून पाजलेली पुडी

त्या बाईशी मी खोटं बोललो, आणि बोलताना मला ते ठाऊक होतं. परवा एका दवाखान्यात हिवतापाच्या औषधाचा कडवट वास आला आणि शेणवे गावातली ती ओसरी आठवली. मुंबईचे एक डॉक्टर तिथे नवं औषध तपासायला आले होते. मी त्यांचा कंपाउंडर. निम्म्या घरांना औषध, निम्म्यांना खडूची पूड, पुड्या दिसायला सारख्या. कोणाला काय मिळतं ते फक्त आम्हा दोघांना माहीत. भात कापून झालं होतं, अंगणभर पेंढा पसरला होता. तापलेली पोर खांद्यावर घेऊन बाई आली. "दादा, शेजारणीची पुडी कडूजहर हाय, तिचा पोरगा खेळाय लागला. माझ्या पोरीची मी जिभेला लावून बघितली, ती कडूच नाय. तुमी चुकलात काय?" डॉक्टरांनी मान हलवून मला खरं सांगू नको म्हणून खुणावलं. मी म्हणालो, "नव्या तऱ्हेचं औषध आहे, कडू नसतं. पोर थुंकत असेल. नाक दाबून पाजा." तिने तसंच केलं. चौथ्या दिवशी पोर गेली आणि मी वहीत त्या घरापुढे फुली मारली. पुढे बारा वर्षं ती बाई गावात सांगत राहिली की पोरीने औषध थुंकलं म्हणून गेली. काल मी तिच्या दारात जाऊन हात जोडले. म्हणालो, "बाई, पोर थुंकत नव्हती. पुडीत खडू होता आणि मला ते माहीत होतं. मला माफ करा."