मासे श्वास घेईनात तेव्हा

माझ्या सासूबाई महानुभाव पंथाचा उपदेश घेतलेल्या. पाणी फडक्यानं गाळल्याशिवाय पीत नाहीत, लाकूड चुलीत घालण्याआधी आपटून त्यातल्या मुंग्या झटकतात. अशा घरात मी सून म्हणून आले ती अमरावतीच्या, मासे आवडीनं खाणाऱ्या घरातून. आणि बार्शीटाकळीजवळच्या आमच्या वावरात शेततळं झालं, तेव्हा त्यात मासे पाळायची गोष्टही मीच काढली.

नवरा नांदगाव पेठेला कापडाच्या कारखान्यात. सुट्टीला घरी यायचा. तो म्हणाला, "आईले तूच विचार."

मी विचारलं. सासूबाई बराच वेळ तूर निवडत राहिल्या. मग म्हणाल्या, "वावर आता तुमी पायता. मी कोन नाही म्हननारी? पन मले तिकडं बोलावू नोको."

मी रोहू आणि कटल्याचं बीज, म्हणजे बोटाएवढी पिल्लं, आणून सोडलं, पाण्याला पेलवेल त्यापेक्षा जरा जास्तच. मासे चांगले वाढले. आमच्या बचत गटाच्या बाया तळं बघायला आल्या, तेव्हा बांधावर उभी राहून मी त्यांना पुष्कळ काही समजावून सांगितलं. सासूबाई मात्र तेव्हापासून विहिरीवर जायच्या त्या वावराच्या पलीकडच्या कडेच्या धुऱ्यानं, लांबचा फेरा घालून.

भादव्यात आभाळ सारखं भरलेलं राहिलं. ऊन नाही, वारा नाही. एका सकाळी तळ्यावर गेले तर मासे काठाला लागून वर आलेले, तोंडं पाण्याबाहेर, उघडी. मला वाटलं भुकेले आहेत. खाद्य टाकलं. एकानंही तोंड लावलं नाही. दुपारपर्यंत काही उलटे होऊन तरंगायला लागले. एक उचलून त्याचा कल्ला उघडून पाहिला. आत लालभडक असायला हवं, तिथं फिकट, करडा चिकटा होता आणि कडा कुजल्यासारख्या झडलेल्या.

अकोल्याला माशांचे एक डॉक्टर आहेत असं ऐकलं होतं. दोन आजारी मासे पाण्याच्या डब्यात घालून मी एसटीत बसले. डबा पायाशी ठेवला, वर ओढणी टाकली. शेजारच्या बाईनं विचारलं, "कशाचा वास येऊन राहिला?" मी म्हटलं, "फवारनीचं औषध हाय." आणि तेवढ्यात डब्यातल्या माशानं उसळी मारली, झाकण उडालं, घाण पाणी त्या बाईच्या पातळावर सांडलं. ती पातळ झटकत उठून मागच्या सीटवर जाऊन बसली. अकोला येईपर्यंत माझ्या बाजूची जागा रिकामी होती आणि सगळी गाडी माझ्याकडे बघते आहे असं वाटून मी खिडकीबाहेर तोंड करून बसले होते.

डॉक्टरांनी कल्ल्याचा चिकटा काचेवर घेतला, सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. म्हणाले, "जंतू आहेत. पाण्यात गर्दी झाली, खाली घाण साठली की हे कल्ल्यावर बसतात. कल्ला सुजतो, त्यावर थर चढतो. मग पाण्यात हवा असली तरी माशाला ती घेता येत नाही."

मेलेले लगेच काढायचे, खाद्य बंद, पाणी बदलायचं, पंपानं पाणी उडवत ठेवायचं, आणि औषध, मीठ ते सांगतील त्याच मापानं. एवढं समजून घेऊन मी परतले.

तळ्यावर वास सुटला होता. कावळे जमले होते. बांधावर बचत गटाच्या बाया नाकाला पदर लावून उभ्या होत्या, अगदी त्याच जागी. कुणी काही विचारलं नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं. मी पंप लावला, टोपलं घेऊन पाण्यात उतरले आणि मान खाली घालून मेलेले मासे काढायला लागले.

थोड्या वेळानं बांधावरचं बोलणं थांबलं. वर पाहिलं तर सासूबाई उभ्या.

"काय झालं त्याइले?" त्यांनी विचारलं.

मी सांगितलं, कल्ले खराब झाले, श्वास घेता येत नाही.

"म्हंजे जीव गुदमरून राहिला," त्या म्हणाल्या, आणि लुगडं खोचून उतरायला लागल्या.

"आई, तुम्ही नका. तुम्हाला चालत नाही."

"मेलेल्याले हात लागला त मी आंघोळ करीन. जिता हाय तो मेला त मी काय करीन?"

पंपाचं पाणी जिथं पडत होतं तिथं त्या कमरेएवढ्या पाण्यात उभ्या राहिल्या. निपचित झालेला एकेक मासा दोन्ही हातांनी धरायच्या, त्याचं तोंड धारेकडे करायच्या, हलायला लागला की सोडायच्या. काही हातातच मेले. ते त्यांनी माझ्या टोपल्यात हळूच ठेवले, टाकले नाहीत. मी मात्र इतका वेळ, जे जगतील त्यांचं वजन किती भरेल, तेच मनात धरून होते. बाया बघत होत्या. माझे कान तापले होते.

मरणं हळूहळू थांबलं. सासूबाई रोज सकाळी तळ्यावर यायला लागल्या. "आज मासे खाली गेले," असं घरी येऊन मला सांगायच्या. हे मासे कशासाठी आहेत ते त्यांना माहीत होतं. मी कधी बोलले नाही, त्यांनीही नाही.

औषध दिल्यावर मासे विकायचे नसतात ती मुदत उलटून बरेच दिवस झाल्यावर अकोल्याचे एक मासळीचे व्यापारी आले. मीच त्यांना बोलावलं होतं. नेमक्या त्या वेळी सासूबाई काठावर बसलेल्या. व्यापाऱ्यांनी त्यांना सलाम केला, एक मासा धरून कल्ला उघडला आणि म्हणाले, "एकदम बढिया हाय, भाभी."

"लाल झाला का?" सासूबाईंनी विचारलं.

"हो अम्मा, पूरा लाल. पाहा ना."

सासूबाईंनी वाकून पाहिलं. चेहऱ्यावर समाधान आलं. मग विचारलं, "मंग आता नेता?"

ते माझ्याकडे बघायला लागले. मी पाण्याकडे बघत होते.

"भाभी म्हनतीन तवा," ते म्हणाले.

मला 'नाही' म्हणता आलं असतं. मी म्हटलं, "पुढच्या आठवड्यात या."

जाळं टाकायच्या आदल्या दिवशी सासूबाई परतवाड्याला बहिणीकडे गेल्या. परत आल्यावर त्यांनी हातपाय धुतले, चहा घेतला. मीच म्हटलं, "आई, माल गेला." त्या म्हणाल्या, "हो. तळं रिकामं दिसलं रस्त्यानं येताना."

मी तळ्याचा गाळ काढून पुन्हा बीज सोडलं, या वेळी कमी. सासूबाई आता लांबच्या धुऱ्यानं जात नाहीत. सकाळी काठावर बसतात, मासे वर तर आले नाहीत ना ते बघतात.

एकदा मी विचारलं, "आई, तुम्हाला त्रास होत नाही का?"

"होते," त्या म्हणाल्या. "पन हायेत तवरी त्याइले श्वास त नीट येवो."

माझ्या हातात खाद्याचं टोपलं होतं. त्यांनी बाजूला सरकून मला जागा करून दिली. मी बसले नाही. पंप बघून येते म्हणाले आणि तळ्याच्या पलीकडच्या बाजूला निघून गेले.