केर लगेच फेकायचा नाही

वडिलांची दोन बोटं कारखान्यातल्या प्रेसमध्ये गेली तेव्हा मी सातवीत होते. कंपनीने मलमपट्टी केली आणि महिन्याभरात घरी बसवलं. मग ते द्वारका चौकात हातगाडीवर केळी विकायचे आणि आई अंबडच्या एका कारखान्यात झाडलोट करायची. पावसाळ्यात आमच्या खोलीत पाणी यायचं, तेव्हा मी खाटेवर बसून अभ्यास करायचे. आमच्या सात पिढ्यांत मी पहिली पदवीधर. हे मी लाजून सांगत नाही.

बी.एस्सी. आणि कॉम्प्युटरचा डिप्लोमा झाल्यावर अंबडलाच, डाय म्हणजे लोखंडी साचे बनवणाऱ्या एका कारखान्यात मला नोकरी लागली. ड्रॉइंग विभागातला लिनक्स प्रणालीचा कॉम्प्युटर माझ्या ताब्यात होता. तिथे एक म्हातारे ड्राफ्ट्समन होते. आम्ही त्यांना काका म्हणायचो. जन्मभर शाईने रेघा मारलेला माणूस साठीला माउस धरायला शिकला. शेठ त्यांना म्हणाले होते, "दिवाळीपर्यंत सगळी जुनी ड्रॉइंग कॉम्प्युटरवर आणा, मग रिटायर झालात तरी ठेवून घेतो." घरी कमावणारे ते एकटेच. एकेक शीट कॉम्प्युटरवर काढून झालं की त्याचा कागद रद्दीत जायचा, कारण कपाटांना वाळवी लागली होती.

रोज सकाळी सातला माझी एक स्क्रिप्ट, म्हणजे कॉम्प्युटरला ओळीने दिलेल्या आज्ञा, आपोआप चालायची. आधी ड्रॉइंगच्या फोल्डरमध्ये जायचं, यादी करायची, मग बाहेरून वायरने जोडलेल्या जोडीच्या डिस्कवर जाऊन प्रिंटसाठीच्या कालच्या फाइली पुसायच्या. चार ओळींचं काम. मला तिचा फार अभिमान होता.

खंडेनवमीला सगळ्या मशिनींसारखी कॉम्प्युटरचीही पूजा झाली. पोरांनी वायरी काढून सगळं पुसलं, हळदकुंकू वाहिलं, झेंडूची माळ घातली. परत जोडताना जोडीच्या डिस्कची वायर राहून गेली. कोणी पाहिलं नाही. मीही नाही.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी काकांनी पडद्यासमोरून हाक मारली. ड्रॉइंगच्या फोल्डरला ते कपाट म्हणायचे. "बाई, माझं कपाट रिकामं दिसतंय गं."

स्क्रिप्टला डिस्क सापडली नव्हती, म्हणून ती होती तिथेच राहिली, म्हणजे ड्रॉइंगच्या फोल्डरमध्ये. आणि पुढची ओळ मुकाट्याने चालली: इथलं सगळं पूस.

शेठ आले. "परत आण."

"येत नाही."

"माझ्या घरच्या कॉम्प्युटरवर कचऱ्याचा डबा आहे की!"

"तिथे हाताने पुसलं तर डब्यात जातं, शेठ. स्क्रिप्टने पुसलेलं थेट जातं. चूक माझी आहे."

सीडीवर प्रत होती, पण गणपतीच्या आधीची. मधल्या दीड महिन्याची शीटं मी 'सीडीवर भरू नंतर' म्हणून ठेवली होती. त्या शीटांचे कागदही रद्दीत गेले होते.

काका म्हणाले, "माझं रबर निदान खूण तरी ठेवायचं. तुझं यंत्र लय चोख."

जेवणाच्या सुट्टीत मागून आवाज आला, "आई झाडते, पोरगी पण झाडते. घराण्याचं नाव राखलं!" चारजण हसले. मी डबा बंद केला.

घरी आईला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "अगं, मी पण केर काढते. पण लगेच फेकत नाय. कुठल्या खात्याचा ते पोत्यावर लिहून घेते आन् आठ दिवस ठेवते. कधी कुणाचा बोल्ट निघतो, कधी अंगठी." सही करता यावी म्हणून मी शिकवलेली अक्षरं ती त्या पोत्यांवर लिहीत होती. हे मला तोवर माहीत नव्हतं.

दिवाळीला काम अपुरं राहिलं आणि शेठने काकांना निरोप दिला. मला ठेवलं, कारण ते मशीन दुसऱ्या कुणाला चालवता येत नव्हतं. जाताना काकांनी शाईच्या पेनांची पेटी काखेत धरली आणि मला म्हणाले, "येतो." ते परत कधी भेटले नाहीत.

मी सगळ्या स्क्रिप्ट नव्याने लिहिल्या. जिथे जायचं तिथे पोचता आलं नाही, तर पुढची एकही ओळ चालवायची नाही. पुसण्याची आज्ञा काढून टाकली. नको असलेली फाइल त्याच डिस्कवरच्या वेगळ्या फोल्डरमध्ये हलवायची, नावाला तारीख आणि वेळ जोडायची, म्हणजे त्याच नावाची दुसरी आली तरी पहिली पुसली जात नाही. ती कुठून उचलली ते शेजारी लिहायचं. तीस दिवसांनी मी स्वतः यादी वाचायची आणि मगच तो फोल्डर हाताने रिकामा करायचा.

त्या कारखान्यात मी पुढे सहा वर्षं होते. त्या सहा वर्षांत माझ्या स्क्रिप्टमुळे कुणाचंही एकसुद्धा ड्रॉइंग हरवलं नाही.